मुख्य पात्र कोण

४ तारीख, सोमवार

ही वही ह्यांना वाचा शिकवायला येणाऱ्या बाईनं आणायला लावली. म्हणाली, "आजी, आजोबा रोज काय बोलतात ते लिहून ठेवत जा." मी म्हटलं, लिहीन, पण दाखवणार नाही. विचारशील ते तोंडी सांगेन. माझ्या चार यत्ता झाल्या, त्यातली चौथी अर्धी. अक्षर असं, की कोंबडीला आपले पाय बरे वाटावेत.

तर आजचं बोलणं. सकाळी हे म्हणाले, "अं." दुपारी म्हणाले, "अं." संध्याकाळी उशी बदलली तेव्हा जरा लांबवून, "अंऽ." झालं लिहून.

वही एवढी जाड आहे तर बाकीचंही लिहिते, कागद कशाला फुकट घालवा. ह्यांचा उभा जन्म नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून गेला. विंगेत स्टूल, मांडीवर नाटकाची प्रत, डोक्यावर पुठ्ठ्यानं झाकलेला दिवा. राजा अडला की राजाला शब्द द्यायचा, राणी अडली की राणीला. मी त्याच कंपनीच्या कपडेपटात इस्त्री करायचे. लोकांनी ह्यांचं तोंड कधी पाहिलं नाही, आणि ज्यांना शब्द दिले ते टाळ्या घेऊन घरी गेले. आता झटका आला तो नेमका तिथेच. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, ऐकू येतं, समजतं, फक्त शब्द सापडत नाही.

मुलाचा फोन आला. तो लांबच्या शहरात असतो. "आई, महिनाअखेरच्या रविवारी येतोय. बाबांना इथल्या शुश्रूषागृहात ठेवू, तू माझ्याकडे राहा. तुझ्याच्यानं आता होत नाही."

"तुला कुणी सांगितलं होत नाही म्हणून?"

"बरं, मग बाबांना सांगू दे. घरी राहायचंय असं त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तर मी पुढे एक शब्द बोलणार नाही."

पोटचा पोरगा, आणि वकिलासारखी अट घालतो. म्हणजे ह्यांना एक वाक्य बोलता आलं तर हे घरी, नाही तर तिकडे. हातात हा महिना आहे.

७ तारीख, गुरुवार

वाचा शिकवणारी बाई सोमवारी आणि गुरुवारी येते. नातीपेक्षा जेमतेम मोठी असेल. ह्यांना बोलायला लावते, म्हणून मी तिला बोलवणारी म्हणते.

आज तिनं जाड पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या आणल्या. एकेकीवर एकेक शब्द. पात्र, स्थळ, संघर्ष, उत्कर्ष, शेवट.

मी म्हटलं, "ह्यांना पाणी म्हणता येत नाही आणि तू उत्कर्ष शिकवतेस?"

"आजी, शब्द हरवले तरी गोष्टीचा सांगाडा डोक्यात पुष्कळदा शाबूत राहतो. ह्या खुंट्या आहेत असं समजा. खुंटी दिसली की माणसाला आपला सदरा आठवतो."

कपड्यांचं बोलली म्हणून ऐकून घेतलं.

पात्र म्हणजे गोष्टीतला माणूस. कपडेपटात ज्याच्या नावाची वेगळी खुंटी असते तो. गर्दीतल्यांचे कपडे आम्ही एकाच पेटीत कोंबायचो. स्थळ म्हणजे मागचा रंगवलेला पडदा. संघर्ष म्हणजे एखाद्याला काहीतरी हवं असतं आणि काहीतरी आडवं येतं. ते मला सांगायला नको, माझ्या आडवा माझाच मुलगा आलाय. आणि उत्कर्ष? "जिथून आता मागे फिरता येत नाही, काहीतरी एक होणारच, ती जागा," ती म्हणाली.

"म्हणजे थेटरातले लोक खोकायचे थांबतात ती," मी म्हटलं. ती हसली. हेही हसले, अर्ध्या तोंडानं.

मग तिनं तीन चित्रं मांडली. बाई भरलेली पिशवी घेऊन येते. पिशवी फाटून बटाटे रस्ताभर होतात. लोक बटाटे गोळा करून देतात. तिनं पात्राची चिठ्ठी पुढे केली. "कोण आहे गोष्टीत, आजोबा?"

हे नुसते बघत राहिले. मी म्हटलं, "बाई! अहो, बाई म्हणा."

बोलवणारीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू बटाटे मीच सांडले. "आजी, शब्द त्यांच्या तोंडात घालायचा नाही. थांबायचं."

"किती?"

"त्यांना लागेल तेवढं."

खूप वेळानं हे म्हणाले, "बा… ई." तेवढ्यानं सदरा घामानं भिजला. मी तो काढून धुवायला टाकला.

११ तारीख, सोमवार

पुन्हा बोलणी खाल्ली. मला थांबता येत नाही.

ह्यांचा धंद्यातला नियम वेगळा होता. नट गप्प झाला की नवखा प्रॉम्प्टर घाबरतो आणि अख्खं वाक्य फेकतो. हे फेकत नसत. नट विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे त्याच्या खांद्यांवरून ओळखायचे. विसरला असेल तर फक्त पहिला शब्द द्यायचा, तोही श्वासाएवढ्या आवाजात. मुद्दाम थांबला असेल आणि कुणी शब्द दिला, तर नट आत येऊन आईबाप काढायचा. मला ते खांद्यांचं कळत नाही. माणूस गप्प म्हणजे अडला, एवढंच मला माहीत.

आजचे शब्द: बाई. पिशवी. चहा. शेवटचा आपणहून आला. लगेच चहा दिला, न जाणो परत जाईल.

१३ तारीख, बुधवार

मोरीत जरा टेकले. म्हणजे ह्यांचे कपडे पिळून उठले आणि फरशी आपणहून जवळ आली. थोडा वेळ तिथेच बसले. बसल्याबसल्या नळाखालचं शेवाळ खरवडून काढलं, वेळ कशाला घालवा. दार लोटलेलं होतं. बाहेरून ह्यांचं "अं, अं" चाललं होतं, मग काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मी भिंत धरून बाहेर आले तर खुर्ची तिरकी झालेली आणि हे घामानं निथळतायत. भूक लागली असणार. केळं सोलून दिलं, तर तोंड मिटून घेतलं. हट्टी माणूस.

कोपर सुजलंय. लांब बाह्यांचा ब्लाउज काढून ठेवला. मुलाला कळवण्यासारखं ह्यात काही नाही.

१४ तारीख, गुरुवार

तीच बटाट्यांची चित्रं. बोलवणारीनं दुसऱ्या चित्राशी संघर्षाची चिठ्ठी ठेवली. "इथे काय झालं?"

हे म्हणाले, "बाई पडली."

दोन शब्द एकापाठोपाठ! पण चूक. बाई उभी आहे, चांगली धडधाकट, हात कमरेवर. मी म्हटलं, "बाई नाही हो, बटाटे पडले. बटाटे." तर डाव्या हातानं टेबलावर थाप मारली आणि पुन्हा तेच, "बाई पडली."

बोलवणारी म्हणाली, "हं." मग माझ्या बाहीकडे बघत, "गरम होत नाही का आजी, एवढ्या लांब बाह्या?"

मी म्हटलं, "तुझ्या वयात होतं. माझ्या वयात थंडी वाजते."

१६ तारीख, शनिवार

ह्यांना खिडकीशी बसवलं की कुरकुर. रस्ता दिसतो, झाड दिसतं, शेजारच्या शिंप्याच्या दुकानातली भांडणं ऐकू येतात, आणखी काय हवं? नाही. डाव्या पायानं ढकलत ढकलत खुर्ची फिरवली आणि मोरीच्या दाराकडे तोंड करून बसले. दिवसभर त्या दाराकडे बघतात. मी आत गेले की मान ताठ, बाहेर आले की मान खाली. झटक्यात माणसाची आवड पण बदलते म्हणायची.

आजपासून मी वाक्य घोकून घेते. बोलवणारीला सांगितलं नाही. वाक्य असं: मी घरीच राहणार. सकाळी दाढी करताना, दुपारी पाठ पुसताना. मी "मी" म्हणते आणि थांबते, ह्यांच्या नियमाप्रमाणे, पहिला शब्द फक्त. आज उत्तर आलं नाही. येईल.

१८ तारीख, सोमवार

नवी चिठ्ठी, निवेदक. म्हणजे गोष्ट सांगणारा. मी म्हटलं, "म्हणजे लिहिणारा." तर म्हणाली, "नाही आजी. लिहिणारा वेगळा. निवेदक म्हणजे गोष्टीत ज्याच्या तोंडून आपण ऐकतो तो. त्याला दिसतं तेवढंच तो सांगतो. कधी त्याला स्वतःलाच कळत नाही आपण काय सांगतोय ते. कधी झाकूनही ठेवतो."

"मग ऐकणाऱ्यानं विश्वास कशावर ठेवायचा?"

"तो काय म्हणतो त्याच्यापेक्षा तो काय पाहतो, काय टाळतो, त्याच्यावर."

लबाड धंदा आहे. आमच्या कपडेपटात बरं होतं, डाग असला की डाग दिसायचा.

हे मात्र डावं बोट माझ्याकडे करून हसत होते. मला वाटतं पाणी हवं होतं.

२१ तारीख, गुरुवार

हातातून कप सुटला. कान तुटका होता, जाणारच होता कधीतरी. ह्यांना खुर्चीतून पलंगावर घेताना डोळ्यांपुढे काळं आलं, म्हणून दोघं पलंगावरच बसलो, एकमेकांना धरून, लग्नाच्या फोटोत बसवतात तसे. ह्यांनी माझी बाही वर केली आणि कोपर पाहिलं. मी बाही खाली केली. ह्यांनी पुन्हा वर केली. पाचवारी नेसवून बाहुली करा म्हटलं माझी, आणि स्वयंपाकाला उठले.

बोलवणारी विचारत होती, "आजी, मदतीला एखादी बाई ठेवली तर?" मी म्हटलं, "मी काय आहे मग?"

आजचे शब्द: बाई. पडली. नको. हात.

२५ तारीख, सोमवार

दृष्टिकोन. म्हणजे तीच गोष्ट दुसऱ्याच्या जागेवरून सांगायची. पिशवीवालीच्या जागेवरून सांगितली तर बटाट्यांचं दुःख. रस्त्यावरच्या पोराच्या जागेवरून सांगितली तर गंमत.

बोलवणारीनं विचारलं, "आजोबा, तुमच्या खुर्चीवरून काय दिसतं?"

ह्यांनी मोरीच्या दाराकडे हात केला. मग कानाला लावला. मग तोंड उघडून तसंच धरलं, एखाद्या विहिरीत बघावं तसं आम्ही दोघी बघत राहिलो. काही आलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं. उजव्या बाजूचा डोळा नीट मिटत नाही, त्यानं येतं. पण आज दोन्हीतून आलं.

बोलवणारी आज लवकर गेली. दारात म्हणाली, "आजी, तुम्ही ह्या घरात एकट्याच चालत्याफिरत्या आहात. तुम्हाला काही झालं तर ह्यांनी काय करायचं?" मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय?" ही मुलाला सामील आहे की काय, बघायला हवं.

२८ तारीख, गुरुवार

आलं! दाढी करताना मी "मी" म्हटलं, साबण पुसला, ब्रश धुतला, आणि मागून आवाज, "मी… घरीच… राहणार."

अक्षर न् अक्षर. मी टॉवेल खाली टाकला. पुन्हा म्हणा म्हटलं, पुन्हा म्हणाले. नंतर मान फिरवून दाराकडे बघत बसले. दमले असतील. वाक्य लांबच आहे तसं.

रविवारी मुलगा येऊ दे आता.

३१ तारीख, रविवार

सगळं जसं झालं तसं लिहिते.

मुलगा आला, नात आली. बोलवणारीलाही मुलानं बोलावून घेतलं होतं. ह्यांना इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, खिडकीशी बसवलं. ह्यांनी खुर्ची फिरवली नाही, बरं वाटलं. नात पायाशी बसली.

मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगाल तसं करू. कुठे राहायचं तुम्हाला?"

हे गप्प. मी मागे उभी होते. श्वासाएवढ्या आवाजात पहिला शब्द दिला, "मी…"

ह्यांनी डावा पंजा वर केला. विंगेत शेजारच्यानं घाई केली की असाच पंजा दाखवायचे. नट अडला नाही, थांबलाय, हात लावू नका.

मग म्हणाले, "बाई पडली."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चित्रातलं आहे ते. बटाट्यांचं. डोक्यात अडकून बसलंय."

बोलवणारी पुढे आली. चिठ्ठ्या तिच्या पिशवीतच होत्या, काढल्या नाहीत. "कोण बाई, आजोबा?"

हात माझ्याकडे.

"स्थळ?"

"मोरी."

"काय झालं?"

"पडली. परत… पडली."

"आणि तुम्ही?"

ह्यांनी तोंड उघडलं. सोमवारसारखंच, काही आलं नाही. तोच पंजा स्वतःच्या तोंडावर मारला. पुन्हा मारला. "हाक," म्हणाले. "हाक… नाही."

खोलीत कुणी खोकत नव्हतं. नातीनं उठून माझा हात धरला, तो नेमका कोपरावर. मी ओरडले नाही, पण चेहऱ्यानं चुगली केली.

"आई, खरंच पडलीस?"

"टेकले होते."

खुर्चीतून आवाज आला, "पडली." इतका स्वच्छ, की शेवटच्या रांगेत ऐकू गेला असता.

मुलगा खाली बसला, ह्यांच्या गुडघ्यांपाशी. एवढा मोठा बाप्या, नाक पुसत होता. "मग बाबा? काय करायचं आपण?"

ह्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "मी," म्हणाले.

आलं, म्हटलं. आलं वाक्य. मी तिथून ओठ हलवले, घरीच, घरीच.

"मी… जातो."

१ तारीख, सोमवार

ह्यांच्याशी बोलले नाही. हेही बोलले नाहीत, पण ह्यांना सबब आहे.

वाक्य मी शिकवलं. पहिला शब्द मी दिला. आणि पुढचं स्वतःच्या मनचं. असं एखाद्या नटानं केलं असतं तर ह्यांनी त्याला विंगेत गाठून विचारलं असतं, प्रत कुणी लिहिली, तू की मी?

बोलवणारी आली तेव्हा तिलाही सोडलं नाही. म्हटलं, "आजार ह्यांना झाला. गोष्ट ह्यांची, मुख्य पात्र हे. मला मधे घुसडायचं कारण काय?"

ती चिठ्ठ्या रबरात गुंडाळत होती. म्हणाली, "मुख्य पात्र कोण, ते सांगणारा ठरवतो, आजी."

फार बोलते. शिकवते वाचा, म्हणून चालायचंच.

५ तारीख, शुक्रवार

मुलगा राहिलाय. मधे दोन दिवस जाऊन तिकडची जागा पाहून आला. मंगळवारी ह्यांना न्यायचं, मला त्याच्या घरी. सून फोनवर म्हणाली, "आई, तुमच्यासाठी पुढची खोली रिकामी केली." चांगली आहे ती, तिच्याशी माझं भांडण नाही.

मी मुलाला विचारलं, "तिथे ह्यांना पाणी कोण पाजणार?"

"तिथे नर्स आहेत आई."

"पाणी डाव्या गालात धरून द्यावं लागतं, नाहीतर ठसका लागून जीव जाईल. सदरा आधी लुळ्या हातात चढवायचा, मग चांगल्या. उलटं केलं तर खांदा उतरतो. आणि चहा म्हटलं की ताबडतोब चहा."

"सांगू आपण त्यांना."

"सांगून होत नाही. दोघांची खोली असते का तिथे?"

हे पलंगावर पडून ऐकत होते, डोळे मिटलेले, पण झोपलेल्या माणसाच्या पापण्या अशा थरथरत नाहीत.

"असते," मुलगा म्हणाला. "तू राहशील तिथे?"

"मी कशाला राहू? ह्यांचं नीट होतंय का तेवढं बघीन."

"किती दिवस?"

"लागतील तेवढे. आणि हे बघ, तिथे मोरीला कठडा आहे का विचार. ह्यांच्यासाठी."

"आहे, आई."

"आणि घंटी?"

"आहे. पलंगाशी एक, मोरीत एक."

मोरीत घंटी कशाला लागते, मी विचारलं नाही.

९ तारीख, मंगळवार

सकाळी गाडी आली. कपड्यांची पेटी मीच भरली. ह्यांचे सदरे वर, माझं खाली, चुरगळलं तरी चालतं. निघताना चप्पल घालायला वाकले तर घर थोडं फिरलं. चौकट धरली. हे चाकांच्या खुर्चीतून बघत होते. मी म्हटलं, "बघताय काय? चप्पल घालतेय." हे काही म्हणाले नाहीत. म्हणता येतं आता, तरी म्हणाले नाहीत.

शिंपी खाली उभा होता. मुलगा पुढे बसला. गाडीत मागे एक लांब बाक आणि बाजूला एक घडीची खुर्ची, पट्टा लावलेली. गाडीवाला तरुण होता, घाईत होता. मागचं दार धरून उभा राहिला.

"आडवं कुणाला करायचं? पेशंट कोण?"

मी ह्यांच्याकडे बोट केलं. ह्यांनी माझ्याकडे केलं.

गाडीवाल्यानं एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"ठरवा बुवा लवकर," म्हणाला, "दार लावायचंय."